नाणेघाटाची मोजमाप वही

रस्ता गाड्यांनी मरत नाही, पाण्याने मरतो. खात्यात नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच साइटवर आमच्या म्हाताऱ्या मुकादमाने हे सांगितलं होतं, आणि निवृत्त होईपर्यंत त्याला खोटं पाडणारा रस्ता मला भेटला नाही. सोलिंग कितीही घट्ट बसवा, खडीवर रोलर कितीही फिरवा, गटार तुंबून पाणी साइडपट्टीतून आत शिरलं की खालचा मुरूम मऊ पडतो आणि वरचं डांबर नावाला उरतं. म्हणून आखणी करताना आम्ही आधी पाणी बघायचो. ओढा आडवा आला तर मोरी टाकायची, बरोबर चालायला लागला तर आपण बाजूला सरकायचं. ओढ्यातून रस्ता न्यायचा नाही.

नाणेघाट ओढ्यातूनच जातो. शेवटचा टप्पा तर सह्याद्रीच्या उभ्या कड्याला पडलेल्या घळीतून आहे. पावसाळ्यात घाटमाथ्यावरचं पाणी ज्या वाटेने खाली येतं, त्याच वाटेने माणसाने वर जायचं. असलं इस्टिमेट मी वर पाठवलं असतं तर साहेबांनी ते न वाचता परत केलं असतं. आणि ही वाट दोन हजार वर्षं वापरात आहे.

ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला तिथे जायला काही पडत नाही. कल्याण स्टेशनबाहेरून मुरबाडमार्गे आळेफाट्याकडे किंवा नगरकडे जाणारी एसटी पकडायची. शहाडचा पूल, म्हारळ, वरप, कांबा, मग रायत्याला उल्हास नदी ओलांडायची. हा पूल मोठ्या पुरात पाण्याखाली जातो आणि मुरबाडकरांचा कल्याणशी संबंध तुटतो, ते आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. पुढे गोवेली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे. वैशाखरे मागे पडलं की उजव्या हाताला डोंगररांगेत एक कडा उभ्या अंगठ्यासारखा वर आलेला दिसतो. तो नानाचा अंगठा. त्याच्या बगलेत घाट आहे. कंडक्टरला आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर गाडी तशीच माळशेजच्या रस्त्याला लागते.

सुरुवातीची वाट साध्या रानातली. ऐन, पळस, मग कारवी. निवृत्तीनंतर मी एका फेब्रुवारीत गेलो, मुद्दाम पाऊस संपून ओढा सुकल्यावर, कारण मला धबधबा बघायचा नव्हता, रस्त्याचं हाड बघायचं होतं. पायथ्याशी एक मावशी काकड्या आणि ताक घेऊन बसल्या होत्या. माझ्या पाठीवरच्या बाटल्या बघून म्हणाल्या, “बाबा, एवढं ओझं कशाला? वरती लेण्यापाशी टाक्यात पाणी हाय की. गढूळ दिसलं तर पलीकडल्या टाक्यातलं घ्या.” एका वाक्यात त्यांनी घाटाचा नकाशाच सांगून टाकला.

चढ सुरू झाल्यावर मात्र माझ्यातला शाखा अभियंता जागा झाला. आम्ही गाडीरस्त्याला वीस फुटांमागे एक फूट चढ धरतो. घाटात अगदीच अडलं तर थोडा जास्त. इथे तो हिशोबच नाही. आखणी चाकासाठी नाहीच, खुरासाठी आहे. जिथे कातळ उघडा आहे तिथे पायऱ्या खोदल्यात, जिथे माती आहे तिथे मोठमोठे दगड बसवून पाखाडी केली आहे. पायरीची उंची सारखी नाही, पण खोली भरपूर. गोण्या लादलेल्या बैलाचा पुढचा पाय आणि मागचा पाय दोन्ही टेकतील अशी. वळणं आहेत, पण कड्याच्या पोटात शिरल्यावर वळायला जागाच उरत नाही. तिथे वाट कातळात कोरून सरळ वर काढली आहे. अर्थात असा रस्ता एका हाताचा नसतो. खालचा एखादा दगड कुणी गेल्या शतकात नीट बसवला असेल, एखादी पायरी त्याच्या आधीच्या कुणी. पण तळाला सलग कातळ आहे, ही यातली खरी चलाखी. वाहून जायला मुरूमच नाही, तर पाणी नेणार काय? येतं, धुतं आणि जातं. आम्ही आयुष्यभर पाणी रस्त्याबाहेर काढायला धडपडलो. यांनी त्याला रस्त्यातून जाऊ दिलं आणि हवं तेवढं टाक्यांत अडवून ठेवलं.

कल्याणला एवढ्या खटाटोपाची गरज का पडली? कारण कल्याण बंदर होतं. आज दुर्गाडीच्या पुलावर उभं राहून खाली बघितलं की गाळाने भरलेली खाडी दिसते. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तहून निघालेल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये ‘कल्लिएना’ हे नाव आहे, आणि थोरल्या सातकर्णीच्या काळात ते रीतसर बाजारबंदर होतं असंही म्हटलेलं आहे. त्याच पुस्तकात पैठण आणि तेर यांची नावं येतात. पैठणहून अकीकासारखे दगड, तेरहून सुती कापड आणि मलमल. हा माल बैलगाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई, असं तो लिहितो. परदेशातून भडोचला उतरणाऱ्या मालाची यादीही तो देतो: दारू (इटलीची असली तर उत्तम), तांबं, कथील, शिसं, पोवळी, काच, सोन्याचांदीची नाणी. नकाशावर पट्टी ठेवली तर पैठणकराला भडोचपेक्षा कल्याण केवढं तरी जवळ. अडचण एकच, सह्याद्रीची भिंत. गाडी जुन्नरच्या बाजूने माथ्यापर्यंत येऊ शकते, खाली उतरू शकत नाही. म्हणजे माल गाडीतून काढून बैलांच्या पाठीवर लादायचा आणि घाट उतरवायचा. माथ्यावरचा हा उतारतळ सांभाळायला जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी असे चार किल्ले त्या टापूत का आहेत, ते वर जाऊन उभं राहिलं की कुणी समजावून सांगावं लागत नाही.

घळ संपायच्या थोडं आधी लेणं लागतं. बाहेरून दिसायला साधं, आत मोठी चौकोनी खोली, भिंतींना लागून बसायला कोरलेले बाक. समोरच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता फक्त पावलांच्या खुणा आणि डोक्याच्या जागी कोरलेली नावं उरली आहेत. सिमुक सातवाहन, राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, काही कुमार, एक महारठी. डाव्या आणि उजव्या भिंतीवर मिळून 20 ओळींचा ब्राह्मी लेख आहे, भाषा प्राकृत. 1828 साली कर्नल साइक्स इथे आला आणि त्याने या अक्षरांकडे जगाचं लक्ष वेधलं. पुढे जुनागढच्या भगवानलाल इंद्रजींनी आणि मग ब्यूलरने त्याचं वाचन पक्कं केलं. भगवानलाल म्हणजे ज्यांनी 1882 मध्ये नालासोपाऱ्याचा स्तूप उघडला, तेच. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात कुठेही हात घाला, हा माणूस आधीच तिथे जाऊन आलेला असतो.

लेख नागनिकेचा, काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. सुरुवातीला इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना नमस्कार. मग तिने आणि सातकर्णीने केलेले यज्ञ: अश्वमेध, राजसूय आणि आणखी कितीतरी. आणि प्रत्येक यज्ञापुढे दक्षिणा. गायी किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण नाणी किती. एका ठिकाणी 24,400 कार्षापण दक्षिणा, आणि बघायला आलेल्यांना व नोकरचाकरांना 6,001. लेख बराच फुटला आहे, पण आकडे ठळक आहेत. ते बघून मला आमची एमबी आठवली, मोजमाप वही. कामाचं नाव, परिमाण, रक्कम, पुढचं काम. पुढच्या ऑडिटला कुणी विचारायला नको म्हणून लिहून ठेवलेली.

या आकड्यांत शून्य नाही. 24,400 लिहायला तिथे वीस हजाराचं एक चिन्ह, चार हजाराचं दुसरं आणि चारशेचं तिसरं अशी एकापुढे एक चिन्हं मांडली आहेत. दहासाठी वेगळी खूण, शंभरासाठी वेगळी, हजारासाठी वेगळी. गणिताचा इतिहास सांगणाऱ्या जगभरच्या पुस्तकांत अंकांच्या जुन्या तक्त्यांत नाणेघाटाचा रकाना असतो तो याचमुळे. मी हाताने हवेत ती हजाराची खूण गिरवून बघितली. दगडात ती कोरणाऱ्याचा हात किती सरावलेला होता ते कळतं. कुठे घसरलेली रेघ नाही.

दगडावरचे आकडे मी आणखी एका रस्त्यावर बघितले आहेत. मुलगी आणि जावई काही काळ इटलीत होते, तेव्हा मला त्यांनी रोम दाखवलं. कोलोसियम वगैरे झालं. मग मी म्हटलं, मला रस्ता दाखवा. अप्पिया हा रोमनांचा पहिला मोठा राजरस्ता, इसवी सनापूर्वी 312 मध्ये अप्पियुस क्लाउडियुस या अधिकाऱ्याने सुरू केलेला, आधी कापुआपर्यंत, मग पार ब्रिंदिसी बंदरापर्यंत. रोमच्या वेशीबाहेर सेसिलिया मेटेला नावाच्या बाईच्या थडग्यापुढे त्याची जुनी फरसबंदी शिल्लक आहे, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आणि शेतं. वाकून दगडाला हात लावला आणि मला हसू आलं. काळा कातळ! अल्बान टेकड्यांच्या ज्वालामुखीतून वाहत आलेल्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. ते थडगं त्याच लाव्ह्याच्या टोकावर उभं आहे. आमच्याकडे खडीसाठी आयुष्यभर जो दगड फोडला, तोच. फक्त आमचा साडेसहा कोटी वर्षांचा, त्यांचा त्यामानाने कालचा. बहुकोनी मोठ्या चिपा एकमेकींत घट्ट बसवलेल्या, मधे किंचित उंच, कडेला कठडा, दोन गाड्या समोरासमोर जातील एवढी रुंदी. चाकांच्या चाकोऱ्या पडलेल्या. कॅम्बर धरलाय त्यांनी! मी जावयाला ते समजावून सांगायला लागलो. त्यांनी “हो बाबा” म्हणून घड्याळ बघितलं.

तिथून मी हट्टाने टेरासिनाला गेलो. रोमहून अप्पिया जवळपास नव्वद किलोमीटर सरळ रेघेत येते आणि इथे एक कडा तिला समुद्रापाशी अडवतो. आधीचा रस्ता डोंगरावरून चढून जायचा. सम्राट ट्राजनच्या काळात, म्हणजे इसवी सन 98 ते 117 च्या दरम्यान, त्यांनी तो कडाच वरपासून खालपर्यंत उभा तासला आणि रस्ता पायथ्याने काढला. आणि तासताना दर दहा रोमन फुटांवर चौकट काढून आकडा कोरत गेले. वर दहा, खाली शेवटी एकशेवीस. रस्त्यावर उभं राहून मान वर केली की आकडे अजून दिसतात. ठेकेदाराने किती खोदाई केली त्याची ती एमबीच, आणि तीही अशी की कुणी खोडून फिरवू शकणार नाही. मी तिथे बराच वेळ उभा होतो. आमच्या व्यवसायातल्या माणसाला त्याहून सुंदर दुसरं काही दाखवता येणार नाही.

नाणेघाटात काय खोदलं, किती खोदलं, कुणी खोदलं, एक अक्षर नाही. तिथल्या आकड्यांत गायी आहेत, घनफूट नाहीत. रोमचा रस्ता सरकारचा, सैन्यासाठी बांधलेला, त्याची मोजणी सरकारी. दर मैलाला दगड. आमच्या घाटाला मैलाचे दगड नाहीत, पाण्याची टाकी आहेत, आणि ती बहुतेक खाजगी खिशातून झालेली. एका टाक्यावर सोपाऱ्याच्या गोविंददासाचं नाव आहे, एकावर कामवनच्या दामघोषाचं. जुन्नरला तर यवनांचीही दानं आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी खोदवली, चित नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. आणि लेण्याद्रीला, गिरिजात्मज गणपतीच्या शेजारचं जे चैत्यगृह आहे, ते कल्याणच्या हेरणिकाच्या मुलाचं, सुलसदत्ताचं दान. अष्टविनायकाला जाणारे आमचे किती कल्याण-डोंबिवलीकर त्या दारावरून पुढे जातात! गावच्या माणसाने दिलेली वर्गणी म्हणून दोन मिनिटं आत डोकावायला हरकत नाही. सुलसदत्त किंवा त्याची माणसं हाच घाट चढून गेली असणार, कल्याणहून जुन्नरला जायला याहून जवळची मळलेली वाट नव्हती.

दोन्ही रस्त्यांचा एकमेकांशी संबंध मी ओढून ताणून लावत नाही. पण माल जायचा तो असा: लाल समुद्रातली बंदरं, मग वाळवंट ओलांडून नाईल, अलेक्झांड्रिया, तिथून जहाजाने नेपल्सजवळचं पुतिओली. पुतिओलीहून कापुआला आलं की अप्पिया. म्हणजे तेरच्या मलमलीचा एखादा गठ्ठा एका टोकाला या पायऱ्यांवरून उतरला आणि दुसऱ्या टोकाला त्या चिपांवरून रोमला गेला, हे अगदी शक्य कोटीतलं आहे. 79 साली व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत 1938 मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या धर्तीच्या मूर्ती आपल्याकडे भोकरदनला आणि तेरला मिळाल्या आहेत. आपला माल घेऊन रोमचा पैसा पूर्वेकडे वाहून चाललाय, अशी कुरकुर रोमन लेखक प्लिनीने त्याच सुमारास केली होती. त्या पैशातला थोडासा घाटातल्या टाक्यांत मुरला म्हणायचा.

माथ्यावर आलं की दगडी रांजण. भला मोठा, एका अखंड दगडातला. जकातीची नाणी यात टाकत, असं सगळे सांगतात, आणि बोटं दाखवून फोटो काढतात. मला ते पटत नाही. बीओटीच्या रस्त्यावरचे टोलनाके मी जवळून बघितलेत. टोल घेणारा माणूस पैसा उघड्या तोंडाच्या भांड्यात वाऱ्यापावसात ठेवत नाही, तो आधी पेटीला कुलूप लावतो. जकात घेतली जात असणार, एवढ्या व्यापाराच्या तोंडावर बसून ती न घेणारा राजा कुठला? पण ती घेणारा कारकून लेण्यातल्या बाकावर बसला असेल. वर दमून आलेल्या माणसाला आणि बैलाला पहिलं काय लागतं ते मला त्या चढानंतर पुरेपूर कळलं होतं, त्यामुळे रांजणात पाणी होतं असं माझं मत. इतिहासवाल्यांनी ते मानू नये.

रस्ता बंदरावर जगतो. पेरिप्लसकार कल्याणचं नाव घेऊन थांबत नाही. पुढे लिहितो की हे बंदर सांदनेस नावाच्या सत्ताधीशाच्या ताब्यात गेल्यापासून अडवलं गेलं आहे, एखादं ग्रीक जहाज चुकून आलंच तर पहाऱ्यात भडोचला नेतात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणात कल्याणची कोंडी झाली. जुन्नरला मानमोडीच्या लेण्यात क्षत्रप नहपानाच्या अमात्याचा, अयमाचा लेख आहे, म्हणजे काही काळ माथाही त्यांच्याकडे होता. पुढे दिवस फिरले. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस पुन्हा ‘कल्लियाना’ या मोठ्या बंदराबद्दल लिहितो, तांबं, शिसवी लाकूड आणि कापड यांच्यासाठी. त्यानंतरही शेकडो वर्षं वंजाऱ्यांचे तांडे मीठ आणि धान्य घेऊन असे घाट चढत-उतरत राहिले.

घाट मागे पडला तो चाकामुळे. 1830 मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला. 1854 मध्ये आगगाडी कल्याणला आली, 1863 मध्ये बोरघाट चढली, 1865 मध्ये थळघाट. मग मोटारीसाठी माळशेजचा रस्ता. नाणेघाटात चाक घालणं शक्य नव्हतं, म्हणून कुणी तो रुंद केला नाही, सुरुंग लावले नाहीत, वर डांबर ओतलं नाही. अप्पियाचा जुना तुकडाही तसाच वाचला, शेजारून नवी अप्पिया काढली म्हणून. त्या अप्पियाला जागतिक वारशाचा मान 2024 च्या जुलैत मिळाला, आणि ती बैठक भरली होती नवी दिल्लीत. आमच्या घाटाला मान मिळतो तो पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी, उलटा धबधबा बघायला येणाऱ्या गाड्यांचा. त्या जुन्नरकडून डांबरी रस्त्याने थेट माथ्यावर येतात. वारा कड्यावरून पडणारं पाणी परत वर फेकतो, तो प्रकार बघण्यासारखा आहेच. पण त्यातली निम्मी मंडळी शंभर पावलं खाली उतरून लेण्यापर्यंत येत नाहीत.

मी घळीतून परत उतरताना कातळावर छिन्नीच्या खुणा शोधत होतो. पावसाने बहुतेक पुसल्यात, आडोशाला थोड्या आहेत, तिरक्या, समांतर. हा दगड हत्यार खातो. आमच्या खाणीवर कॉम्प्रेसर येण्याआधी पाथरवटांच्या टोळीबरोबर लोहार असायचाच. भाता लावून बसलेला, दिवसभर बोथट छिन्न्या तापवून, ठोकून, त्यांना पाणी देऊन परत करणारा. तो एक दिवस आला नाही तर काम बंद.

कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या माणसांची बरीच नावं कोरलेली आहेत. सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचं टाकं दिलं. आणि एक जण आहे नंद, धंद्याने लोहार, राहणार कल्याण, त्याने दान दिलंय ते वाटेचं. नुसत्या वाटेचं. लेणं नाही, मंडप नाही, मूर्ती नाही. कान्हेरीला शंभरावर लेणी कोरायची म्हणजे किती छिन्न्यांना पाणी द्यावं लागलं असेल याचा मला साधारण अंदाज आहे, त्यामुळे नंदाच्या गाठीला पैसा कुठून आला असेल याचाही आहे. वाट किती लांब आणि खर्च किती, ते मात्र त्याने लिहिलेलं नाही.